पेपर सुटेपर्यंत

"पालक लोक झाडाखाली थांबा," भंडाऱ्यातल्या परीक्षा केंद्राच्या फाटकावर पोलीस बाईने दामिनीला बाजूला सारलं. "हॉल तिकीट पोरीच्या हातात द्या."

"माझंच आहे ते," दामिनी म्हणाली.

पोलीस बाईने फोटो पाहिला, चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. छत्तीस वर्षांची बाई डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा द्यायला आलेली, आणि तीही सासूला सोबत घेऊन! मागच्या रांगेतल्या पोरी खुदखुदल्या. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्यात ती मावशीच दिसत होती.

तपासणीचं यंत्र गळ्याशी आलं आणि वाजलं.

"मंगळसूत्र काढा. लवकर करा, गेट बंद होऊन राहिलं."

दामिनीचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. मागे सासू उभी होती. सवाष्णीचा गळा घडीभरही उघडा राहू नये, काढलेलं मंगळसूत्र खाली ठेवू नये, असे घरातले सगळे नेम या शकुनबाईचेच. स्वतः विधवा झाल्यापासून तिने काळा मणी तर सोडाच, हळदीकुंकवाच्या ताटालाही हात लावला नव्हता.

पण दामिनीला इथवर आणलं होतं तेही याच बाईने. बारावीच्या परीक्षेआधीच लग्न झालं आणि सासरी सिहोऱ्याला आलेल्या दामिनीची शाळा तिथेच सुटली. पुढे आशाताई म्हणून ती गावातल्या बाळंतपणाच्या बाया दवाखान्यात पोचवायची आणि स्वतः दाराबाहेर थांबायची. "दारातूनच काहून परत येतं? अंदर जा न," असं एकदा शकुनबाई बोलली, आणि नुसतं बोलून थांबली नाही. मुक्त विद्यालयातून बारावीचं विज्ञान होईपर्यंत, आणि त्यानंतरही, तिने सुनेला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. हे उपकार कसे फेडावेत ते दामिनीला कळत नसे. ती आपली आणखी एक धडा वाचायला घेई.

"दे इकडे," शकुनबाईने तळहात पुढे केला. "मले काय पाहून राहिली? जाय!"

दामिनीने मंगळसूत्र त्या हातावर ठेवलं आणि धावत आत गेली.

पेपर सुटला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. झाडाखाली पालकांची दाटी होती. दोन बाया एकीकडे पाहत कुजबुजत होत्या. तिकडे शकुनबाई ताठ बसली होती. कपाळ कोरं, आणि गळ्यात दामिनीचं मंगळसूत्र.

दामिनी जागीच थबकली. "आई, हे..."

"खाली ठेवाले जागा नोयती. थैलीत टाकून कसं चालन? गळ्यातलं गळ्यातच बरं." तिने त्या बायांकडे मान वळवली. "पाहतात त पाहू दे. पेपर कसा गेला?"

"फिजिक्सनं रडवलं. बाकीचा चांगला गेला, आई. खरंच चांगला गेला."

शकुनबाईने मंगळसूत्र काढलं आणि सुनेच्या गळ्यात घातलं. दामिनीचे डोळे भरून आले होते. आकडा लागेपर्यंत ती मान खाली घालून उभी राहिली.

"डॉक्टर झाल्यावर बी काढा लागते का हे?" मागून सासूने विचारलं.

"ऑपरेशनच्या वेळी काढा लागते."

शकुनबाईने आकडा नीट बसला का ते ओढून पाहिलं.

"मंग घरून निंगतानाच मायाजवळ देत जाजो," ती म्हणाली.