हरणीचं दावं

अण्णा गेल्यापासून अनुजाला रडू आलं नव्हतं. पै-पावणं येऊन गेली, बायका तिच्या गळ्यात पडून मोकळ्या झाल्या, आणि ती आपली मांडीवरच्या तेजस्वीला थोपटत बसून राहिली. आत कुणी सारवून घेतल्यासारखं सगळं गप्प होतं.

अण्णांनी मृत्युपत्र केलं होतं. गंगावेशीतलं घर, गोठा आणि म्हशी उदयसिंहाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला. एक हरणी म्हैस तेवढी अनुजाला. आणि ज्याचं त्याला पोचतं करायची जबाबदारी आकाराममामांवर. मामा कागलचे, साखर कारखान्यातनं निवृत्त झालेले. मेहुण्यानं विश्वासानं टाकलेलं हे ओझं कधी एकदा खाली ठेवतो, असं त्यांना झालं होतं.

उदयसिंहाचं म्हणणं साधं होतं. "तिसऱ्या मजल्यावर राहतीस. म्हैस काय लिफ्टनं न्हेणार हाईस? हक्क सोडला म्हणून सही कर आणि मोकळी हो."

अनुजा वाद घालत नव्हती. सहीही करत नव्हती. तेजस्वी पोटात असताना अण्णा रोज सकाळी मोटारसायकलला किटली अडकवून तिच्या दारात यायचे. "हरणीचंच हाय, दुसरीचा थेंब न्हाय ह्यात," म्हणायचे आणि पाणीसुद्धा न पिता माघारी फिरायचे. त्यांनी हरणी का दिली, हे तिला कुणी सांगायला नको होतं. लेकीचं म्हणून माहेरात काहीतरी उभं असावं, एवढंच.

शेवटी मामांनीच एका रविवारी दुपारी दोघांना गोठ्यात बोलावलं. अनुजा लेकीला कडेवर घेऊन आली. मामांच्या काखेत फाईल होती.

"दावं आणलंस?" त्यांनी विचारलं.

"कसलं दावं?"

"म्हशीचं. न्ह्यायला."

इकडं म्हैस विकली की दावं विकणाऱ्याकडंच राहतं. घेणाऱ्यानं आपलं नवं आणायचं. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात, म्हणून जीव गेला तरी कुणी ते सोडत नाही. अनुजा याच गोठ्यात शेणात पाय बरबटत मोठी झालेली. तिला ते ठाऊकच होतं.

"रीत हाय," उदयसिंह म्हणाला. "जनावर भाईर चाललं की दावं ठिवायचं. नवं आण, म्हैस घिऊन जा. मी कुठं आडवतोय?"

"मी म्हैस विकत घ्यायला आलो न्हाय, दादा," अनुजा म्हणाली.

"पोरी, मृत्युपत्रात दाव्याचं काय ल्हिलेलं न्हाय," मामा म्हणाले. "एवढ्याशा दोरीपायी कशाला ताणतीस? मीच आणून देतो की नवं."

"तुम्ही आणा न्हायतर मी आणतो. नवं आणलं म्हंजे मी गिऱ्हाईकच की, मामा."

तिचा आवाज इतका सपाट निघाला, की तिलाच तो शेजारच्या बाईचा वाटला.

मामांचा पारा चढला. "मग मी काय करू? तो म्हणतो दावं देत न्हाय, तू म्हणतीस नवं घेत न्हाय. तुमच्या बानं माझ्या गळ्यात घंटा बांधली. जलमभर ही फाईल काखंत मारून फिरू व्हय?"

अनुजानं तेजस्वीला त्यांच्याकडं दिलं. पोर हातात आली तशी मामांना फाईल दाव्यांच्या खुंटाळ्याला टांगावी लागली. अनुजा हरणीपाशी गेली, खाली बसली आणि खुंट्याची गाठ सोडली.

"अगं ए, दावं..." उदयसिंह पुढं झाला.

"थांब." ती दावं धरून उभी राहिली. "मामा, म्हैस माझ्या हातात हाय. ताबा दिला?"

मामांनी भाच्याकडं बघितलं, भाचीकडं बघितलं. "दिला म्हणायचा."

"मग आणा फाईल."

हरणीच्या रुंद पाठीवर कागद पसरून तिनं म्हैस मिळाल्याची सही केली. म्हशीनं कातडं थरथरवलं, त्यामुळं सही जरा वाकडी आली. मग ती परत खाली बसली आणि दावं त्याच खुंट्याला, होतं तसं बांधलं.

"हे काय?" उदयसिंह म्हणाला.

"म्हैस गोठ्यातनं भाईर गेली न्हाय. दावं बी गेलं न्हाय."

"आणि वैरण कोण तुझा सासरा घालणार?"

"तू घाल. दूध बी तूच कट्ट्यावर न्हेऊन वीक. म्हैस माझी हाय. ती विकायची न्हाय, आणि माझ्या खुंट्याला दुसरी बांधायची न्हाय."

"वकीलच झालीस की गं!"

मामा मिशीतल्या मिशीत हसले. मिशी तेजस्वीच्या मुठीत होती, त्यामुळं हसणं अर्ध्यावरच राहिलं. "उदय, माझं काम झालं बघ. आता तू आणि तुझी भण."

उदयसिंह शेण ओढायला लागला. अनुजानं लेकीला घेतलं आणि वैरणीच्या पेंढ्यांना टेकून तिला पदराखाली घेतलं. आपण जिंकलो की काय, असं तिनं मनाला विचारून पाहिलं. तिकडून काहीच आलं नाही. पोर मात्र चुटूचुटू प्यायला लागली होती.

धारेची वेळ झाली. उदयसिंहानं बादली विसळली, एकेक म्हैस उरकत हरणीपाशी आला. उकिडवा बसला, कासेवर पाणी मारलं आणि हात तसाच ठेवून थांबला. मान न वळवताच त्यानं विचारलं,

"काढू का धार?"

या गोठ्यात त्यानं असं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"काढ की," अनुजा म्हणाली. "कास तटलीय तिची."