तोंडाने सांगा, डॉक्टर

डॉक्टर नापास झाले. तेही कुणासमोर, तर एका रबरी बाहुल्यासमोर.

आता हे डॉक्टर म्हणजे काही कच्चे नव्हेत. हाताला गुण आहे म्हणून लांबलांबून लोक यायचे. फक्त माणूस बोलायचा नाही. व्यवसायातले लोक पाठीमागे त्यांना मौनीबाबा म्हणायचे, आणि त्यांना ते माहीत होतं, आणि त्यावरही ते काही बोलले नव्हते.

दवाखान्यात सगळा कारभार भुवयांवर चालायचा. डावी वर गेली की सिस्टर सुई भरणार. उजवी वर गेली की बीपीचा पट्टा. दोन्ही एकदम वर गेल्या तर सलाईन लावायचं आणि बाहेरच्या पेशंटांना सांगायचं, बसा, वेळ लागेल. सिस्टरही इतक्या वर्षांत अशी तयार झालेली की भुवई निम्म्यात असतानाच ट्रे हजर.

लायसन दर पाच वर्षांनी नवं करायचं असतं. त्यासाठी शिकत राहायचं असतं, म्हणजे तसा नियम होता. एखाद्या हॉटेलात परिसंवाद, दारात सही, हातात एक बॅग, जेवण, आणि जेवण झालं की मागच्या दाराने पसार. हजेरी लागली, गुण मिळाले, संपलं. डॉक्टरांच्या घरी अशा बॅगा इतक्या साठलेल्या की बायको भाजी त्यातूनच आणायची. भाजीवाला बॅगेवरचं हृदयरोग परिसंवादाचं नाव वाचून तिलाच हृदयरोगतज्ज्ञ समजून स्वतःची छाती दाखवायला लागलेला.

या वेळी मेडिकल कौन्सिलने ते बंद केलं. आता म्हणे करून दाखवायचं. अनोळखी सहकारी, बोलणारा बाहुला, तब्येत बिघडत चाललेली, वाचवा. संधी दोनच. दोन्ही गेल्या तर तीन महिने स्वतःचा दवाखाना बंद आणि दुसऱ्या कुणाच्या तरी देखरेखीखाली काम. आणि आसपास देखरेखीला मान्यता असलेलं हॉस्पिटल एकच होतं. भाच्याचं.

तर पहिली संधी. खोलीत बाहुला झोपलेला, छाती वरखाली होतेय, शेजारी मॉनिटर टुकटुक करतोय. काचेपलीकडे ट्रेनर बसलेली, डॉक्टरांच्या मुलीच्या वयाची. बाहुल्याच्या तोंडातून तीच बोलायची. "डॉक्टर, आत्ताच अँटिबायोटिकचं इंजेक्शन घेतलं, घसा आवळल्यासारखा होतोय."

डॉक्टरांनी नुसतं बघितलं आणि ओळखलं. रिअ‍ॅक्शन. अ‍ॅड्रिनालिन पाहिजे, मांडीत, लगेच. त्यांनी हात मागे केला आणि डावी भुवई वर.

हातात काही आलं नाही.

मदतीला दोघं होते, तेही परीक्षेलाच आलेले. एक त्वचेची डॉक्टरीण, एक डोळ्यांचा डॉक्टर. डॉक्टरांनी भुवई अजून वर नेली. डोळेवाला पुढे झाला, वाकून नीट बघितलं आणि म्हणाला, "सर, डोळ्यात काही गेलंय का?"

तेवढ्यात बाहुला गेला. मॉनिटरने लांबलचक सूर धरला.

ट्रेनर आत आली. "सर, निदान तुम्ही सकाळपासूनच्या सगळ्यांत लवकर केलंत. सांगितलंत कुणाला?"

"कळायला नको?" डॉक्टर म्हणाले.

"कुणाला कळायला नको?"

डॉक्टरांनी दोघांकडे बघितलं. डोळेवाला अजूनही त्यांच्या डोळ्यातच बघत होता.

दुसरी संधी पुढच्या आठवड्यात. संध्याकाळी भाच्याचा फोन. "मामा, टेन्शन घेऊ नका. माझ्या शेजारची खुर्ची पुसून ठेवलीय तुमच्यासाठी."

"गधड्या, तुझे लंगोट बदललेत मी."

"म्हणून तर. आता मी सांभाळतो तुम्हाला."

फोन ठेवला तेव्हा डॉक्टरांचे कान लाल झालेले. बायको शाळेत कवायत शिकवायची, आवाज मैदानभर जाणारा. ती म्हणाली, "उद्यापासून या घरात इशारे बंद."

सकाळी नाश्त्याला डॉक्टरांनी मिठाकडे बोट दाखवलं.

"तोंडाने."

"मीठ."

"कुणाला सांगताय? भिंतीला?"

"तू मला मीठ दे."

"किती?"

"अगं, चिमूटभर."

"चिमूटभर मीठ, तुम्हाला, आत्ता. बरोबर?"

"बरोबर गं बाई, बरोबर."

"दिलं," असं म्हणून तिने मीठ दिलं. "आता कसं गोड लागेल."

दवाखान्यातही तेच. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, या आजींचं बीपी घ्या आणि मला आकडा मोठ्याने सांगा." सिस्टर जागच्या जागी थबकली. आजींना सोडून तिने पट्टा डॉक्टरांच्याच दंडाला लावायला घेतला. तिला वाटलं, यांनाच काहीतरी होतंय.

पण गंमत बघा. दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना चटक लागली. आयुष्यभर तोंड शिवून बसलेला माणूस, आता आरशासमोर दाढी करताना ऑर्डरी सोडायला लागला. रात्री पुस्तकं काढली, पोरांसारखी. नवीन काय बदललंय, आधी काय द्यायचे, आता काय देतात, सगळं मोठ्याने वाचायचं. बायको म्हणाली, "लग्न ठरताना एवढं बोलला असतात तर मी नाहीच म्हटलं असतं." पण हसत होती.

दुसरी संधी. तीच खोली, तीच डॉक्टरीण, तोच डोळेवाला. त्यांनाही पहिल्या वेळी कमी गुण पडलेले. यावेळी मात्र टेबलावर लहान मूल होतं, रबरीच, पण इवलंसं, हातपाय हलवणारं. शेंगदाण्याची वडी खाल्ली, ओठ सुजले, श्वासाला शिट्टी लागली. ट्रेनरने काचेपलीकडून पंधरा किलो वजन सांगितलं.

डॉक्टरांना समोर मूल दिसतच नव्हतं, बंद दवाखाना दिसत होता. मग त्यांनी तोंड उघडलं.

"ही रिअ‍ॅक्शन आहे. बाई, तुम्ही ऑक्सिजन लावा. डोळेवाले सर, तुम्ही नाडी धरा आणि मला सांगत राहा."

"ऑक्सिजन लावते... लावला."

"नाडी जलद, सर. बारीक लागतेय."

काय मजा आली म्हणून सांगू डॉक्टरांना. शब्द टाकला की काम होत होतं. अनोळखी माणसं, पण चार हात वाढल्यासारखे झाले. छाती धडधडत होती आणि ते अजून जोरात बोलायला लागले. "अ‍ॅड्रिनालिन. मांडीत, बाहेरच्या बाजूला. अर्धा मिलि."

डॉक्टरीणबाईंचा हात सुईवरच थांबला. "अर्धा मिलि म्हणालात. बाळ पंधरा किलोचं आहे. नक्की?"

मॉनिटर तेवढा टुकटुक.

अर्धा म्हणजे मोठ्या माणसाचा डोस. जन्मभर हाताला बसलेला आकडा, तोच जिभेवर आला. भाच्याची पुसलेली खुर्ची डोळ्यासमोर नाचली.

"नाही," ते म्हणाले. "चुकलो. पॉइंट पंधरा. पुन्हा सांगतो, पॉइंट पंधरा मिलि, मांडीत."

"पॉइंट पंधरा, मांडीत... दिलं."

थोड्या वेळाने बाळाने असा टाहो फोडला की डोळेवाल्याने कान झाकले. ओठांची सूज उतरायला लागली. पण डॉक्टर खांदे पाडून उभे होते. ट्रेनर आत आली तशी म्हणाले, "सांगा. किती वाजता जायचं भाच्याकडे?"

"कोण भाचा?" ट्रेनर म्हणाली. "पास आहात, सर."

"अहो, डोस चुकला माझा."

"चुकला ना. पण हवेत चुकला. बाळाच्या मांडीत नाही गेला. मनातल्या मनात चुकला असता तर यांनी काय अडवलं असतं?"

डॉक्टर हळूच स्टुलावर बसले. त्वचावाल्या बाई सुई टाकून हात पुसत होत्या. डॉक्टर उठले, त्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही थांबवलंत मला. आभार." एवढं साधं वाक्य, पण ते बोलताना त्यांचा आवाज फाटला. मग एकदम लख्ख हसले. आणि निघायच्या ऐवजी कोट पुन्हा चढवला.

"मॅडम, पुढच्याला मदतीला माणूस हवा असेल ना?"

"हवाच आहे. पण तुमचं झालंय, घरी जा की."

"घरी काय, बायको नुसतं मीठ देईल."

पुढचे निघाले हाडांचे मोठे सर्जन. त्यांच्या वॉर्डात त्यांच्या बुटांचा आवाज आला तरी लोक सरळ उभे राहायचे. सर आले, बाहुल्याकडे एक नजर टाकली आणि हात मागे करून चुटकी वाजवली.

कोणी हललं नाही. सरांनी पुन्हा वाजवली, जोरात. मदतीला थांबलेल्या डोळेवाल्याने घाबरून उगाच कापूस उचलला.

मौनीबाबा पुढे झाले. खणखणीत आवाजात म्हणाले, "सर, चुटकी ऐकू आली. औषधाचं नाव नाही आलं."

सरांनी वळून बघितलं. असं त्यांच्याशी आजवर कुणी बोललं नसावं. मॉनिटरचा आकडा खाली यायला लागला होता.

"कोणतं, सर? किती?" डॉक्टर म्हणाले. "मी उभा आहे. तुम्ही नुसतं सांगा."