लाल कोपऱ्याचा जिना

चौकशीच्या खोलीत पडदा नव्हता, म्हणून चित्रफीत भिंतीवरच दाखवली गेली. भिंतीच्या रंगाचे पोपडे जिथे सुटले होते, नेमका तिथेच मामाला भाच्याचा चेहरा दिसला. तो बॉक्सिंगच्या रिंगमध्ये गुडघे टेकून बसला होता. डोळे मिटलेले, ग्लोव्ह्ज कपाळाला लावलेले. त्याच्यामागे निळ्या कोपऱ्यातला मुलगा उताणा पडला होता, आणि पंच त्याच्यावर वाकून डॉक्टरांना हाताने बोलावत होता.

"इथून मोजा," चौकशी समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

कोणी मोजलं नाही. चित्राच्या कडेला आकडे आपोआप पळत होते. अकराव्या सेकंदाला डॉक्टर दोरांखालून आत शिरताना दिसले, आणि बाईंनी चित्र थांबवलं.

निळ्या कोपऱ्यातला मुलगा चौथ्या दिवशी गेला होता. त्यानंतरचे तीन आठवडे वर्तमानपत्रांत एकच वाद चालू होता: खेळाडूने मैदानात देव आणावा की नाही. एका बाजूला बंदी हवी होती, दुसरीला भाच्याचा सत्कार करायचा होता. दोघांचेही फोन मामाला येत, आणि दोघांनाही तो "बघतो" म्हणून फोन ठेवून देई. मेलेल्या मुलाबद्दल विचारायला कोणाचाच फोन येत नसे.

मामा वीस वर्षं बॉक्सरांच्या कोपऱ्यात उभा राहत आला होता. दोन फेऱ्यांमध्ये मिळणाऱ्या एका मिनिटात फुटलेली भुवई बंद करायची, हे त्याचं काम. मुलाला स्टुलावर बसवून दातांवरचं रबर काढेपर्यंत दहा सेकंद जातात. उरलेल्या वेळात जखम पुसायची, कापूस दाबून धरायचा, व्हॅसलिन लावायचं आणि घंटेच्या आत खाली उतरायचं. अकरा सेकंद म्हणजे काय, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

बहिणीच्या मुलाला त्याने बाराव्या वर्षी जिममध्ये आणलं. पहिली लढत जिंकल्यावर पोरगं पडलेल्याभोवती जीभ काढून नाचलं होतं. मामाने सर्वांसमोर त्याचा कान पिळला. "पडलेल्याच्या डोक्यावर नाचतोस? आपल्या कोपऱ्यात ये. खाली बस, डोळे मिट, आणि ज्याने जिंकवलं त्याचे आभार मान." तेव्हापासून ती सवय पडली. जिममधली पोरं त्याला 'महाराज' म्हणत. "महाराज, वर बोलणं चाललंच आहे, तर आमच्या दाढदुखीचंही घाला कानावर." भाचा हसायचा, पण गुडघे टेकायचं चुकवायचा नाही.

"ही सवय तुला कोणी लावली?" अध्यक्षबाईंनी भाच्याला विचारलं.

"कोणी नाही. माझीच आहे."

मामाने मान वर केली. भाचा त्याच्याकडे पाहत नव्हता. सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना मात्र त्याने विचारलं होतं, "मामा, मी लगेच उठलो असतो तर?" मामाने चहाचा कप विसळायला घेतला होता आणि बराच वेळ विसळला होता.

डॉक्टर उभे राहिले. "मी लेखी दिलंय. मेंदूत रक्तस्राव झालाच होता. अकरा सेकंदांनी फरक पडला नसता." बोलून ते खाली बसले. खोलीत येण्याआधी बाहेरच्या बाकावर त्यांनी मामाला हळूच सांगितलं होतं, "कॅमेऱ्यात जिना दिसत नाही. कशाला उकरून काढताय?"

"तरीही याच्यामुळे तुमची वाट अडली होती," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "समितीपुढे प्रस्ताव आहे. रिंगमध्ये यापुढे कोणतीही धार्मिक कृती नको. आणि या खेळाडूवर दोन वर्षांची बंदी."

भाचा बावीस वर्षांचा होता. त्याने मान डोलावली, जणू कमीच झालं.

मामा उठला. "डॉक्टर त्याच्यामुळे अडले नाहीत, बाई."

"मग?"

"तो दोरांपासून दोन हात आत होता. बाजूने माणूस सहज गेला असता. रिंगला जिने दोनच. डॉक्टरांचं टेबल आमच्या बाजूला, म्हणून ते लाल कोपऱ्याच्या जिन्याने येणार. त्या जिन्यावर मी उभा होतो."

"बाजूला का नाही झालात?"

"डोळे मिटले होते. यांनी दंडाला धरून खेचलं, तेव्हा उघडले." तो डॉक्टरांकडे वळला. "हाक मारली होती ना तुम्ही? दोनदा?"

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात घेतला. "तीनदा," ते म्हणाले.

"आणि ते अकरा सेकंद?" बाईंनी त्यांना विचारलं. "आता काय म्हणता?"

"रक्तस्राव होताच. पण दातांवरचं रबरही घशाशी सरकलं होतं." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "फरक पडला नसता, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार."

मागच्या बाकावर मेलेल्या मुलाचे वडील बसले होते. ते ट्रक चालवत. गाडीची किल्ली सकाळपासून त्यांच्या मुठीतच होती. ते बसूनच बोलले. "माझाही गुडघे टेकायचा. हरला तरी. मी चिडवायचो, हरल्यावर कसले रे आभार मानतोस." त्यांनी किल्ली दुसऱ्या हातात घेतली. "बंदी घालायची तर घाला. पण माझ्या पोराच्या नावावर घालू नका."

मग बाईंनी लिहायला घेतलं. भाच्यावरच्या बंदीचा प्रस्ताव मागे घेतला गेला, नियमाचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. मामाला कोपऱ्यात उभं राहण्याची परवानगी कायमची रद्द झाली. त्याने खिशातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला. बिल्ल्यावरच्या फोटोत त्याचे केस अजून काळे होते.

इमारतीचा जिना अरुंद होता. भाचा चार पायऱ्या पुढे उतरत होता. मधल्या वळणावर तो थांबला, पण वळला नाही.

"तीन हाका?"

"एकही ऐकू आली नाही रे मला."

"इतकं काय सांगत होतास देवाला?"

मामाने कठडा धरला. "तुला काही लागलं नाही म्हणून… आभार मानत होतो."

भाच्याचे खांदे एकदा वर गेले आणि खाली आले. "मीही तेच म्हणत होतो," तो म्हणाला, आणि थेट खाली उतरत गेला. घरी भाच्याची आई विचारेल तेव्हा काय सांगायचं, हे दोघांचं ठरायचं राहिलं होतं. आता ते ठरणार नव्हतं, एवढं मामाला कळलं.

वरून किल्लीचा आवाज आला. मुलाचे वडील एक-एक पायरी पाहत उतरत होते. ते पाच पायऱ्या वर असतानाच मामा बाजूला झाला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि ते जवळून निघून जाईपर्यंत त्याने पापणी लवू दिली नाही.