पालकांना बोलावलंय

"म्याडम, पोरीचं काय चुकलं आसंल तर माफी करा." पोपटनं दारातूनच हात जोडले. "दाखल्यावर तेवढं काय लिहू नका. तिला मी आजच काढून नेतो."

खारघरच्या त्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खुर्च्या गोल मांडायचं काम चाललं होतं. सुचिता मॅडमच्या हातातली खुर्ची तशीच अधांतरी राहिली. पोपटनं चपला बाहेर काढल्या होत्या. अख्ख्या मजल्यावर तेवढाच एक जोड. अंगात पांढरा सदरा होता. तो एरवी चौदा एप्रिलला नाहीतर कुणाच्या लग्नालाच ट्रंकेतून बाहेर निघायचा.

खिडकीशी मैत्री उभी होती, त्याची मुलगी. बापाला बघून ती आधी हसली होती. आता तिचा चेहरा पांढराफटक पडला.

पोपट गायकवाड तसा भित्रा माणूस नव्हे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेनला साखळ्या अडकवण्यात त्याचा जन्म गेला. डोक्यावरून टनभर पत्रा झुलत जाताना त्याची पापणी हलत नसे. पण 'पालकांना बोलावलंय' एवढं ऐकलं की त्याचे हात आपसूक जुळायचे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पोपटनं त्यात शाळेचीही पायरी घालून ठेवली होती. परभणीकडच्या त्याच्या गावात शाळेचं बोलावणं यायचं ते पोराच्या कागाळीसाठीच. बापानं जायचं, काही न विचारता हात जोडायचे, सगळ्यांदेखत पोराला एक ठेवून द्यायची आणि परत यायचं. त्याच्या बापानं हेच केलं होतं. शाळा कधी चांगल्यासाठीही बोलावते हे त्याच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. ऐकणार कुठून? मुळात त्याच्या आधीच्या पिढ्यांना शाळेनं आत तरी कधी घेतलं होतं!

तर बुधवारी फोन आला. "मैत्रीचे वडील ना? शनिवारी कॉलेजला या हं, मैत्रीबद्दल बोलायचंय." बस्स. फोन करणाऱ्या मुलीला आणखी बऱ्याच घरी फोन लावायचे होते.

"आवं, पोरीला इचारा तरी," मुक्ताबाई, त्याची बायको, म्हणाली होती.

"काय इचारायचं? खरं सांगंल व्हय ती?"

तेव्हापासून घास गोड लागला नाही. शेवटी त्यानं मनाशी ठरवलं, कुणी हाकलण्याआधी आपणच उठावं, म्हणजे चार लोकांत अब्रू राहते. पोर शिकत होती, बरं वाटत होतं. पण आपल्या नशिबात तेवढंच असेल. शनिवारी खाडा करून तो आला तो हे ठरवूनच.

सुचिता मॅडमनी खुर्ची खाली ठेवली. "काका, आधी आत या. तिचं काहीही चुकलेलं नाही. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजला आलंय ना, त्या मुलांसाठी आमचा 'सोबत' वर्ग चालतो. इंग्लिश, फॉर्म, परीक्षेची भीती, सगळंच बघतो. आज घरच्यांना बोलावलंय. नुसतं भेटायला."

"नुसतं भेटायला?"

"हो. चहा पण आहे."

पोपटला एकदम हसू फुटलं. मोठं ओझं उतरलेल्या माणसाचं हसू ते. त्यानं मैत्रीकडे पाहिलं, तर ती हसत नव्हती.

"तुमी मला आज काढून नेणार होता, पप्पा?"

"आगं, मला वाटलं..."

"एका शब्दानं विचारलं पण नाय मला." तिचा आवाज चिरकला. "दादाच्या टायमाला पण हेच केलं तुमी."

दादा म्हणजे धम्मपाल, मैत्रीहून वर्षानं मोठा. तो नववीत असताना असंच बोलावणं आलं. पोपट शाळेत गेला, पोराच्या कानाखाली वाजवली आणि हेडमास्तरांना म्हणाला, "मी ह्याला घरी नेतो, साहेब." हेडमास्तर फोनवर बोलत होते. त्यांनी मान हलवली. ती पोपटसाठी हलली की फोनवरच्या माणसासाठी, देव जाणे. सोमवारपासून धम्मपाल एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागला, तो आजतागायत ट्रकवरच आहे.

एवढ्यात बाकीचे पालक आले आणि खुर्च्या भरल्या. सुचिता मॅडमची एक पद्धत होती. भाषणबिषण काही नाही. प्रत्येक पालकानं आपल्या मुलाला एकच गोष्ट विचारायची, आजवर कधी न विचारलेली. दिवाळे गावचा सिताराम कोळी सगळ्यांत आधी उठला आणि लेकीला म्हणाला, "ज्ञानेश्वरी, तुमच्या कँटीनमदी मावरा मिलतं का गो?" कॉलेजात मासळी म्हटल्यावर सगळी खोली हसली, ज्ञानेश्वरीनं ओढणीत तोंड लपवलं.

मग पोपटची पाळी आली. तो उभा राहिला. तू काय शिकतीस, असं विचारायचं त्याच्या मनात होतं, कारण ते त्याला खरंच धड माहीत नव्हतं. मैत्री खिडकीबाहेर बघत होती. तिची पाठीवरची वेणी बघून त्याचा जीव तुटला, आणि ओठांवर भलतंच आलं.

"त्या दिवशी तुझ्या दादाला... शाळेनं कशापायी बोलावलं व्हतं? तुला ठावं हाय का?"

मैत्री वळली.

"सरांना त्याला चित्रकलेच्या परीक्षेला बसवायचं होतं," ती हळू म्हणाली. "तुमची सही पायजे होती."

"मंग बोलला का न्हाई त्यो?"

"सांगत होता की, पप्पा. तेवढ्यात तुमी हात उचलला. नंतर मला म्हणाला, आता कुणाला सांगू नको."

सिताराम मान खाली घालून बसला.

पोपटला गेल्या महिन्यातली एक दुपार आठवली. धम्मपालचा ट्रक लोखंड बाजाराच्या यार्डात येऊन लागला होता. मागच्या फळीवर दोन नवे मोर होते. पिसारा असा, की दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर थांबून बघत होते. पोपटही थांबला होता. "ब्येस काढलंय रं पेंटरनं," तो म्हणाला होता.

"हां, ब्येस काढलंय," धम्मपाल म्हणाला होता, आणि निळ्या रंगानं भरलेली नखं त्यानं फडक्याला पुसली होती.

"बसा काका," सुचिता मॅडम म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या. पोपट उभाच होता. मैत्री खिडकीपासून निघाली, गोल ओलांडून आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.