दोन इंची कॅप

सोमनाथला त्या स्विमिंग पूलमधून काय काय मिळायचं होतं ते मांडून पाहिलं, तर पोहणं त्यात कुठंच बसत नाही. नारायणगावच्या मेव्हण्यानं घरावर तिसरा मजला चढवल्यापासून त्याचं तोंड फार चालायला लागलं होतं, ते बंद होणार होतं. मुलगी तेजस्विनी इंजिनिअर, तिला पुण्याचं स्थळ जमलं होतं. साखरपुड्याला वरून ड्रोन फिरणार तेव्हा खाली निळं पाणी दिसणार होतं, आणि व्याह्यांच्या मनातला 'गावाकडचे' हा शब्द परस्पर खोडला जाणार होता. दोन-चार हजार माणसांच्या गावात एवढं मिळत असेल तर पूल महाग म्हणता येत नाही.

पण निळं पाणी आपलं आपण निळं राहत नाही. त्यासाठी पूलच्या खालच्या अंगाला, एका खड्ड्यात, ढेरपोट्या घागरीसारखी टाकी बसवली होती. टाकीच्या पोटात चाळून धुतलेली वाळू. मोटर पूलचं पाणी ओढते, वरून वाळूत ढकलते, घाण वाळूत अडकते आणि चांगलं पाणी पूलमध्ये परत जातं. आठवड्याभरात वाळू घाणीनं भरली की डोक्यावरचा दांडा फिरवून पाणी उलटं, खालून वर सोडायचं. वाळू उकळल्यासारखी उसळते, धरलेली घाण सोडते, आणि ते गढूळ, औषधाचा वास मारणारं पाणी वेस्टच्या पाइपनं बाहेर पडतं. याला बॅकवॉश म्हणतात. सोमनाथला हे नवीन नव्हतं. डाळिंबाच्या ठिबकला असाच वाळूचा फिल्टर होता आणि वीस वर्षं तो स्वतःच्या हातानं धूत आला होता.

प्रश्न एवढाच होता की बाहेर म्हणजे कुठं.

पेठच्या अलीकडं, हायवेपासून आत, उतारावर सोमनाथचं रान आहे. वर बंगला आणि पूल, त्याखाली त्याची डाळिंबं, मग बांध, आणि बांधाखाली त्याची चुलती साळुबाई हिचा अर्धा एकर. प्लंबरनं पाइप हातात धरून विचारलं, "भाऊ, वेस्ट कुठं काढू?" सोमनाथनं डाळिंबाकडं पाहिलं, मग बांधापलीकडं पाहिलं. "तिकडं काढ. उतार हाय." उतार होता हे खरंच. सोमनाथ सहसा खोटं बोलत नाही, सोयीचं तेवढं खरं बोलतो.

पावसाळाभर काही कळलं नाही, सगळंच पाणी पावसात मिसळून गेलं. दसरा झाल्यावर साळुबाईनं कांद्याचं रोप टाकलं. अकरा वाफे. बी घरचं. नवरा धर्माजी गेला त्या वर्षापासून ती दरसाल निवडक कांदे बियाण्याला राखून ठेवते, त्यांचे गोंडे धरते, बी झाडते आणि मडक्यात राख घालून ठेवते. सगळं मडकं त्या अकरा वाफ्यांत रिकामं झालं होतं. रोप मेलं तर पुढच्या साली लावायला हे बी जगात कुठंच मिळणार नव्हतं.

रविवारी सकाळी बॅकवॉश झाला. पाइपाच्या तोंडाशी फेस आला आणि पहिल्या वाफ्यात शिरला. बुधवारपर्यंत रोपाचे शेंडे पांढरे पडले. पुढच्या रविवारी दुसरा वाफा गेला, तिसरा अर्धा.

साळुबाई बंगल्यावर गेली. सोमनाथ लॉनवर खुर्ची टाकून मांडववाल्याशी बोलत होता.

"सोमनाथ, तुझ्या हौदाचं पाणी माझ्या रोपात येतंय."

"हौद न्हाई काकी, पूल."

"पूल वढ्यावर असतो. ह्यो हौदच. त्याचं पाणी बंद कर."

"अवं, फुकटचं पाणी मिळतंय तुमाला. लोकं पाण्यासाठी भांडत्यात, तुमी पाण्यावरनं भांडताय." मांडववाला हसला, म्हणून सोमनाथला आणखी चेव आला. "स्वच्छ पाणी हाय. पोरं आंघोळ करत्यात त्यात."

"इतकं चांगलं हाय तर तुझ्या डाळिंबाला दे की."

"डाळिंबाला ठिबक हाय."

"मग ठिबकात सोड."

मांडववाला पुन्हा हसला, पण या वेळी कोणाला हसला ते नीट कळलं नाही. सोमनाथ उठून उभा राहिला.

"उतारानं पाणी जाणारच, काकी. मी काय डोंगर फिरवू?"

"नको फिरवू. मी तोंड बुजवते."

"बुजवा," सोमनाथ म्हणाला. मांडववाल्यादेखत म्हणाला, हे पुढं महागात पडलं.

त्याला वाटलं, म्हातारी चिंध्या कोंबेल, फार तर बोळ्यावर दगड ठेवेल. पाण्याचा एक झटका आला की सगळं उडून जाईल. साळुबाई दुसऱ्या दिवशी एसटीनं पेठला गेली आणि दुकानातून दोन इंची कॅप व पाइप चिकटवायच्या सोल्युशनची डबी घेऊन आली. पाइपाचं तोंड कोरडं पुसलं, पॉलिश पेपरनं घासलं, सोल्युशन लावलं, कॅप ठोकून बसवली आणि वाळेपर्यंत शेजारी बसून राहिली. तिनं ठिबकच्या नळ्या जोडलेल्या होत्या, कॅप बसवणं हे तिला भाकरी उलथण्याइतकं सोपं. मग खोरं घेतलं आणि बांधावर दोन वीत मातीची भर घातली.

कॅप कापायची तर तिच्या रानात उतरायला हवं. आणि लेकीच्या साखरपुड्याआधी विधवा चुलतीच्या वाफ्यात करवत घेऊन उतरलेला बाप गाव किती वर्षं चघळेल, हे गणित सोमनाथला येत होतं. तो गप्प बसला. बॅकवॉशही गप्प बसला.

पूलची देखभाल आदेश बघायचा. आणे गावचा माणूस, तिशीतला. घरची चाळीस मेंढरं भाऊ सांभाळतो, हा मोटरसायकलवर पाने-पकडी बांधून जुन्नर-आंबेगावातले पूल आणि ठिबक बघत फिरतो. तो गुरुवारी आला आणि टाकीवरचा दाबाचा काटा बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"भाऊ, बारावर असतो त्यो चोवीसवर गेलाय. वाळू गच्च झालीय. बॅकवॉश का न्हाई घेतला?"

सोमनाथनं बांधाकडं हनुवटी उडवली. आदेश खाली जाऊन बघून आला.

"कॅप लई झ्याक बसवलीय राव. आमच्या धंद्यातली पोरंबी अशी बसवत न्हाईत."

"कौतुक नको. उपाय सांग."

"जेसीबी बोलवा, लॉनात शोषखड्डा घ्या. दोन तासांचं काम."

"मांडव पडायचाय तिथं. लॉन खणू व्हय?"

"मग हितंच डाळिंबाच्या कडेला पाइप कापतो. पाणी आळ्यांत सोडू."

"येडा झालास का?" सोमनाथ ओरडला. "बहर धरलाय! कळी लागलीय झाडाला. औषधाचं पाणी गेलं तर कळी राहील का एक तरी?"

बांधाखाली साळुबाई वाफ्यात उकिडवी बसून गवत काढत होती. ती कंबर धरून उभी राहिली.

"म्हंजे तुला ठावं व्हतं," ती म्हणाली.

एवढंच. आदेशनं पाना पिशवीत टाकला आणि जाता जाता खड्ड्याच्या भिंतीवर आधीच रंगानं लिहून ठेवलेलं पुन्हा एकदा बोटानं दाखवलं: 'आधी मोटर बंद. मग दांडा.' "तुमी हात लावू नका, भाऊ. लावलाच तर हे वाचा. हे ठिबकवानी न्हाई."

पुढच्या आठवड्यात पाणी आधी पोपटी झालं, मग शेवाळी. तेजस्विनी पुण्याहून आली ती पूलकडं बघून थेट बांधावर गेली. पत्रिका साळुबाईच्या हातात देऊन म्हणाली, "आजी, पुढच्या रांगेत बसायचं हां."

"कॅप काढा म्हनाया आलीस का?"

"नाही. रोप बघायला आले." आणि खरंच वाफ्यांच्या कडेनं फिरून, जळालेले अडीच वाफे बघून ती परत गेली. बापाला म्हणाली, "पप्पा, सॉरी म्हणा आणि खड्डा घ्या. मला पाण्यातले फोटो नकोयत."

"तुला नकोत," सोमनाथ म्हणाला. त्याला हवे होते, हे तो म्हणाला नाही.

साखरपुडा रविवारी. शुक्रवारी त्यानं क्लोरीनच्या पावडरीचा अख्खा डबा ओतला. हिरवं मेलं, पण मेलेलं तरंगत राहिलं. पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. शनिवारी सकाळी आणखी अर्धा डबा. आता फिल्टर चालला तर पाणी निवळणार, आणि वाळू धुतली तरच फिल्टर चालणार. काटा तिसावर. आदेश आण्याला मेंढरांची लोकर कातरायला बसलेला, फोन लागत नव्हता.

दुपारी सोमनाथला तोड सापडली. बांध ओलांडायची गरजच काय? दीड एचपीची मोटर आहे. दांडा बॅकवॉशवर टाकला की पाण्याचा जोरच म्हातारीची कॅप उडवेल. कुणी उतरलं नाही, कुणी कापलं नाही. उतारानं पाणी गेलं.

तो खड्ड्यात उतरला. मोटर चालू होती. ठिबकच्या फिल्टरला चालू मोटरवरच व्हॉल्व्ह फिरवतात. वीस वर्षांत हाताला दुसरं काही माहीत नव्हतं. भिंतीवरचं वाचायला डोळे लागतात आणि सवयीला ते लागत नाहीत. त्यानं दांडा दाबला आणि खसकन फिरवला. आत काहीतरी टरकन फाटल्याचा आवाज आला. पाइप थरथरला.

बांधाखाली कॅप जागची हलली नाही. साळुबाईनं तिला वाळायला पुरता वेळ दिला होता. हलला तो डाळिंबात पाइपाच्या वळणावर बसवलेला एल्बो. प्लंबरला घाई करताना सोमनाथच म्हणाला होता, "वेस्टला कुठलं प्रेशर? नुसता खुपसून दे." नुसता खुपसलेला एल्बो बंदुकीसारखा वाजला आणि कळ्यांनी लाल झालेल्या झाडांमध्ये कारंजं उभं राहिलं.

सोमनाथनं मोटर बंद केली, दांडा होता तिथं फिरवला. पाणी थांबेना. दांड्याखालचं रबर फाटलं होतं आणि पूल वर होता, टाकी खाली. उतारानं पाणी येत राहिलं. कुठला कॉक बंद करायचा ते आदेशला माहीत होतं. पन्नास हजार लिटर, दीड डबा क्लोरीन घातलेलं, एकेक आळं भरत बांधाकडं सरकलं आणि बांधाला लावलेल्या दोन विती मातीपाशी येऊन थबकलं.

"काकी!" सोमनाथ चिखलातनं पळत आला. चपला मागंच राहिल्या होत्या. "बांध फोडा काकी, पाणी जाऊ द्या! झाडं मरत्यात माजी!"

साळुबाई खोरं घेऊन बांधावर उभी होती. तिनं डाळिंबांकडं बघितलं. तिलाही झाडं कळतात. तिचं तोंड काही क्षण वाकडं झालं. मग तिनं मागं वळून आपले साडेआठ वाफे बघितले, आणि खोऱ्यानं एक ढेकूळ उचलून बांधावरच्या एका बारक्या फटीत दाबलं.

"फुकटचं पाणी हाय, लेका," ती म्हणाली. "असू दे डाळिंबाला."

दिवेलागणीला पूल रिकामा झाला.

रविवारी साखरपुडा वेळेवर झाला. मांडव, केळी, ड्रोन, सगळं होतं. ड्रोननं वरून निळ्या फरश्यांचा एक कोरडा खड्डा नीट टिपला. साळुबाई ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली होती. तिच्या शेजारी नवऱ्या मुलाची आई येऊन बसली. हौशी बाई, पूलकडं बघत सोमनाथला विचारती झाली, "अहो, पाण्याचं काय झालं? तेजस्विनी तर म्हणाली होती भरलेला आहे."

सोमनाथनं साळुबाईकडं बघितलं. साळुबाई पदर सारखा करून, उत्तर ऐकायचं असल्यासारखी त्याच्याकडं बघत राहिली. मागच्या रांगेत नारायणगावचा मेव्हणा कान टवकारून होता.

"डाळिंबाला दिलं," सोमनाथ म्हणाला.

"वा!" विहीणबाई म्हणाल्या. "बघा, शेतकऱ्याला पाणी वाया घालवणं जमतच नाही. आमच्या सोसायटीत सांगणारे मी हे."

तेजस्विनीला ठसका लागला, म्हणून तिला पाणी दिलं.

सोमवारी आदेश आला. फाटलेलं रबर हातात घेऊन त्यानं भिंतीवरच्या अक्षरांकडं बघितलं. मग जेसीबी आला. मांडव सुटलेल्या लॉनच्या मधोमध शोषखड्डा झाला आणि वेस्टचा पाइप तिकडं वळला.

आता कोणी काय भरलं ते. सोमनाथच्या साठ झाडांपैकी अडतीस झाडांची कळी गळाली; त्या झाडांचा बहर यंदा बुडाला. लॉन गेला. मेव्हण्याचं तोंड बंद व्हायचं राहिलंच, उलट त्याला पुढची पाच वर्षं पुरेल एवढा विषय मिळाला. आदेशच्या दोन खेपांचं पेट्रोल सोमनाथनं दिलं, न मागता, हे लिहून ठेवण्यासारखं. तेजस्विनीचं काही गेलं नाही. साळुबाईचे अडीच वाफे गेले. उरलेल्या साडेआठांत तिचा अर्धा एकर पुरा लागला नाही, दोन सरी मोकळ्या राहिल्या. पण चैतात निवडक कांदे बियाण्याला निघाले आणि मडकं पुन्हा भरायची सोय झाली.

कॅप अजून बांधाखालीच आहे, कोरड्या पाइपाला घट्ट बसलेली. तिचे आणि सोल्युशनचे पैसे साळुबाईचे गेले. तिच्या खर्चात स्वतःच्या मर्जीनं केलेला तेवढा एकच.