माझा चार हा चारच होता

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, दारावरची. पत्र्याची, चार फूट लांब, दोन फूट उंच, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. एका कोपऱ्याला गंज चढला आहे आणि उजव्या बाजूचं भोक खिळ्याने फाटून मोठं झालं आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की बहुधा उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो कशाचा ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मला घडवलं एका रंगाऱ्याने. हा माणूस एरवी कमी बोलायचा, पण काम घेतलं की प्रश्नांनी भंडावून सोडायचा. एक विमा एजंट त्याच्याकडे पाटी करायला आला, तेव्हा ब्रश हातात घेण्याआधी रंगाऱ्याने विचारलं, "ही वाचणार कोण?"

"येणारे-जाणारे. माझं नाव चांगलं ठसठशीत काढा."

"नाव वाचून काय करतील? तुम्हाला फोन कधी करतात लोक?"

"काही झालं की. आग, अपघात, चोरी, दवाखाना."

"म्हणजे माणूस घाबरलेला असतो. मग आकडे मोठे आणि नाव लहान."

एजंटाने पुष्कळ कुरकुर केली, पण रंगारी बधला नाही. त्याने मला घासून पुसून अस्तराचे दोन हात दिले, दोऱ्याला खडू लावून सरळ रेषा पाडल्या आणि माझ्या छाताडावर फोन नंबर काढला. शून्य, दोन, तीन असे साधे आकडे, आणि शेवटून दुसरा ४. मग तो रस्ता ओलांडून समोरच्या बस थांब्यावर गेला, चष्मा काढून ठेवला आणि नंबर मोठ्याने वाचला. परत आला आणि चारची वरची दोन टोकं आणखी लांब ओढून चांगली मोकळी केली. "ही जवळ आली तर कुणीतरी इंग्रजी आठ समजेल," तो म्हणाला. मित्रांनो, हे वाक्य तेवढं ध्यानात ठेवा.

काचेच्या दाराच्या वरच्या लाकडी चौकटीवर, हवेच्या झरोक्याच्या अगदी खाली मला खिळ्यांनी ठोकलं. पुढे रस्ता, मागे झरोक्यातून दिसणारी अर्धी खोली. टेबल, फोन, लाकडी बाक आणि कागदांची दोन कपाटं. तिथे मी सव्वीस वर्षं काढली. एजंटाचं नाव मी अंगावर वागवत होते, पण त्या नावाने त्याला कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला वाचाकाका म्हणायचे. कारण कुणी फॉर्मवर सही करायला गेलं, की काका सहीच्या जागेवर आपला पंजा ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी वाचा." घाई असली तरी वाचा, कंटाळा आला तरी वाचा. एका म्हाताऱ्या बाईंनी चष्मा आणला नव्हता, तर काकांनी स्वतःचा त्यांच्या नाकावर चढवला.

त्यांचं आणखी एक सांगणं होतं. "नुकसान झालं तर कशाला हात लावू नका. कंपनीचा माणूस येऊन बघेपर्यंत सगळं जसंच्या तसं राहू द्या. आधी मला फोन करा." आणि फोन केला की काका दुसऱ्या घंटीला उचलायचे. जेवत असले तर डाव्या हाताने उचलायचे. मला त्यांचा फार अभिमान होता. म्हणून तर पुढचं सांगताना माझा पत्रा तापतो.

काही वर्षांनी लोक दारात उभे राहून मला वाचायचे सोडून हातातल्या फोनमध्ये बघू लागले. "काकू, तुमची वेबसाइट कोणती?" असं काकूंना विचारू लागले. काकू म्हणजे काकांची बायको. दुपारचं कार्यालय त्याच सांभाळायच्या. त्यांनी महिनाभर काकांच्या मागे टुमणं लावलं आणि शेवटी वेबसाइट करणाऱ्या दोघांना बोलावलं.

पहिली आली ती एक बाई. बसमधून उतरली, थांब्यावरच उभी राहून तिने मला वाचलं, मग आत आली आणि पिशवीतून वही काढली. म्हणून मी तिचं नाव वहीवाली ठेवलं. तिने विचारलं, तुम्हाला फोन करणारे कोणत्या वयाचे? आधी काय विचारतात? रात्री-अपरात्री करतात का? वेबसाइटवर निरोप लिहिला तर तो कोण वाचणार? पाटीवरचा नंबर अजून तोच आहे ना? मला रंगाऱ्याची आठवण आली. काका मात्र खुर्चीत चुळबुळ करत होते.

ती गेल्यावर म्हणाले, "हिला काही येत नाही. सगळं मलाच विचारते! डॉक्टरने रोग्याला औषध विचारावं तसं झालं."

"डॉक्टरसुद्धा आधी कुठं दुखतं ते विचारतोच की," काकू म्हणाल्या. पण त्यांचं कोण ऐकतंय?

दुसरा आला तो झगमगराव. हे नावही मीच ठेवलं आहे आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. त्याने टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक छत्री उघडली, तिच्याखालून आई, वडील आणि दोन मुलं हसत धावत आली, अक्षरं गरगरत खाली उतरली आणि मागे बासरी वाजली. "काका, तुम्ही फक्त बघत राहा," झगमगराव म्हणाला. काका बघतच राहिले. त्यांचं तोंड इतकं उघडं होतं की चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन तसाच परत आला.

"बघितलंस? एक प्रश्न विचारला नाही," ते नंतर काकूंना म्हणाले. "याला म्हणतात अनुभव."

मित्रांनो, तेव्हा मला बोलता आलं असतं तर मी पत्रा बडवून सांगितलं असतं. जो तुमच्याबद्दल काहीच विचारत नाही, त्याला तुमच्याबद्दल काहीच कळणार नाही. एवढी साधी गोष्ट! ज्या माणसाने सव्वीस वर्षं लोकांना चार-चार पानं वाचायला लावली, तो एका छत्रीवर भाळला.

आठ दिवसांनी झगमगराव आला आणि त्याने रस्त्यावरच गाडी थांबवली. गाडीतून उतरलासुद्धा नाही. काच खाली केली, फोन बाहेर काढला, माझा एक फोटो घेतला आणि निघून गेला. दार चार पावलांवर होतं. आत काका होते, काकू होत्या, नंबर छापलेली कार्डं होती. त्याने घरी बसून त्या फोटोवरून नंबर भराभर टाइप केला. शून्य, दोन, तीन हे आकडे मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत साधारण सारखेच. तसाच वेगात तो चारवर आला आणि त्याने आठ लिहिला.

वेबसाइट झाली. काकांनी सगळ्या ओळखीच्यांना छत्री दाखवली. जुन्या लोकांना नंबर पाठ होता, त्यांचे फोन येत राहिले. नव्यांचे येईनात. "लोकांना हल्ली विम्याचं महत्त्व राहिलं नाही," असं काका तीन महिने म्हणत होते.

मग एका सकाळी शिवणमावशी आल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं शिवणकामाचं दुकान, गुडघे दुखतात म्हणून एकट्या कधी बाहेर पडायच्या नाहीत. त्या दिवशी दोन बस बदलून आल्या होत्या. आत न जाता त्या माझ्याखाली उभ्या राहिल्या. हातात एक चिठ्ठी होती. माझ्याकडे बघत, एकेक आकड्यावर बोट ठेवल्यासारखं करत त्यांनी नंबर वाचला. मग चिठ्ठी वाचली. मग पुन्हा मला वाचलं.

काका धावत बाहेर आले. "मावशी, तुम्ही? फोन नाही का करायचा?"

"चार दिवस करतेय," मावशी म्हणाल्या. "नुसता वाजतो. कुणी उचलत नाही."

दुकानातली पाण्याची वाहिनी फुटली होती. शिवणयंत्रं, ताग्यांचं कपाट, सगळं पाण्यात. मावशींचा फोन खणात होता, तो बुडाला आणि काकांचं कार्डही लगदा झालं. शेजारणीने वेबसाइट बघून नंबर चिठ्ठीवर उतरवून दिला. मावशी शेजारणीच्या फोनवरून तो लावत राहिल्या आणि काकांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी कशालाही हात लावला नाही. ओल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून त्या चार दिवस बसून होत्या. वास सुटला, बुरशी धरली, तरी बसून होत्या. त्या ढिगात शाळेच्या नाटकाचे बावीस पोशाख होते.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी झगमगरावाला तिथल्या तिथे बोलावून घेतलं. तो आला, त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हसला.

"हा चार आहे होय? काका, हा कुणीही आठच वाचेल. चूक पाटीची आहे. किती जुनी झालीय बघा!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणजे मला तळपाय असते तर गेली असती. रस्त्यापलीकडून म्हाताऱ्यांना वाचता येईल असा चार! आणि याच्यापेक्षा जास्त राग मला कुणाचा आला असेल, तर तो काकांचा. त्यांना माझी खरी ओळख होती. पण शरमलेल्या माणसाला खापर फोडायला एखादं डोकं लागतं आणि माझं डोकं दारावर अगदी हाताशी होतं. त्यांनी पक्कड आणली, खिळे उपटले आणि मला कागदांच्या कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. माझं भोक फाटलं ते त्या दिवशी. तिथे मी दोन महिने काढले. समोर भिंत आणि खाली झुरळं. एकाही माणसाने येऊन मला विचारलं नाही की तुझा चार कसा आहे गं.

मला बाहेर काढलं वहीवालीने. काकूंनी काकांना न विचारता तिला पुन्हा बोलावलं होतं. तिने आल्या आल्या विचारलं, "पाटी कुठं गेली?" काकूंनी कपाट सरकवलं. वहीवालीने रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला टेबलाला टेकून ठेवलं.

"चार स्वच्छ दिसतोय," ती म्हणाली. "काका, वेबसाइट सुरू करण्याआधी तुम्हाला तपासायला पाठवली होती का?"

"आठवत नाही बुवा."

बाकावर शिवणमावशी बसल्या होत्या, दाव्याच्या कागदांवर सह्या करायला आलेल्या. काकूंनी संगणकावर जुने निरोप शोधले आणि एक मोठ्याने वाचला. "वेबसाइट तयार आहे. सर्व मजकूर आणि फोन नंबर नीट तपासून कळवावे." त्याच्याखाली काकांचं उत्तर होतं. उत्तर एकाच शब्दाचं होतं आणि काकूंनी तेही वाचलं. "छान."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मावशी," ते म्हणाले, "पाटीची चूक नाही. त्या पोराने चुकीचं लिहिलं, पण त्याने वाचा म्हणून सांगितलं होतं. मी वाचलं नाही. छत्री बघितली आणि छान म्हणून मोकळा झालो."

मावशी कागदांवरून नजर न उचलता म्हणाल्या, "मी मात्र तुमचं ऐकलं. कशाला हात लावला नाही."

मला वाटलं होतं, आता माझा राग निवेल. पण मावशींचा तो आवाज ऐकून तो उलट वाढला.

नवी वेबसाइट वहीवालीने केली. तिच्यात छत्री नाही, बासरी नाही. उघडली की आधी फोन नंबर दिसतो, मोठा. काम झाल्यावर तिने काकांना खुर्चीत बसवलं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचायला लावलं. मध्येच ते घाईने दोन ओळी गाळून पुढे गेले, तर तिने पडद्यावर आपला पंजा ठेवला. "आधी वाचा," ती म्हणाली. काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मग वहीवालीने मावशींना निरोप पाठवला की तुमच्या दुकानातून, शेजारणीच्या फोनवर वेबसाइट उघडून नंबर लावा.

फोन वाजला. काकांनी दुसऱ्या घंटीला उचलला. खोली इतकी चिडीचूप होती की पलीकडचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"लागला," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मला आता पुन्हा दारावर लावलं आहे, फाटक्या भोकाला वॉशर बसवून. काका रोज सकाळी फडक्याने माझा चार पुसतात. मला ते आवडतं, पण मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. कंपनीने मावशींचा दावा अर्धाच मान्य केला. कपडे वेळेत वाळवले असते तर वाचले असते, असं तिचं म्हणणं पडलं. शिवणयंत्रं दुरुस्त झाली. पोशाख मात्र गेले. त्या वर्षी शाळेच्या नाटकात राजा घरच्या शर्टात आला आणि प्रधानाने गळ्याला टॉवेल बांधला होता, असं मावशींनी काकूंना सांगितलं.

मित्रांनो, एखादं काम कुणाला सोपवाल तेव्हा तो तुम्हाला काय दाखवतो याच्याआधी काय विचारतो ते बघा. आणि त्याने केलेलं काम पुढे आलं की छान म्हणण्याआधी ते वाचा, बोट ठेवून वाचा. लोक तुमच्या भरवशावर ओल्या ढिगाशेजारी बसून राहतात.

आणि तो घरच्या शर्टातला राजा तुमच्यापैकीच कुणी असला, तर त्याने एकदा बस थांब्यावर उभं राहून मला वाचावं. मग त्याला पटेल की माझा चार तेव्हाही चारच होता.