चोवीस घरांतली खालची बटणं

वायरमनच्या खोलीत दिव्याचं बटण पार वर होतं, दाराच्या चौकटीला टेकून. उभ्या माणसालाही हात लांब करावा लागायचा. आणि बायको चाकांच्या खुर्चीत. अंधारून आलं की ती छत्री उलटी धरायची, मुठीचा वाकडा भाग बटणावर नेऊन खटका पाडायची. कधी पहिल्याच फटक्यात, कधी पाचव्या.

दुसऱ्यांची घरं उजळणारा माणूस आणि स्वतःच्या घरात ही तऱ्हा. पण खोली भाड्याची. मालकाने पहिल्याच दिवशी दम दिलेला, भिंतीला खिळासुद्धा लावायचा नाही.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, बघा," बायको हसायची. "अहो वायरमन, जरा छत्री द्या. पाऊस नाही, उजेड पाडायचाय."

तो हसायचा नाही. त्याला लागायचं ते.

म्हणून तो घरं बांधायला निघालेल्या एका सोसायटीत शिरला. चोवीस कुटुंबं होती त्यात, सगळी हातावर पोट असलेली. ही मंडळी बँकेत गेली की बँक आधी पगाराची स्लिप मागायची. आता वायरमनला कोण स्लिप देणार, आणि त्यातल्याच शिंपीणकाकूंना तरी कोण? मग एक फंड भेटला. त्यात पाच-सहा देशांतून पैसा आलेला, व्याज कमी, पण अटी जगावेगळ्या. चोवीस घरांनी एकमेकांना जामीन राहायचं. सुरुवातीला भरायला रक्कम नसेल तर तिच्याऐवजी प्रत्येक कुटुंबाने बाराशे तास बांधकामावर राबायचं. आणि कुठलं घर कुणाचं, हे शेवटपर्यंत ठरवायचं नाही. सगळी उभी राहिली की सोडत.

"आपलं कुठलं ते माहीत नसलं ना, की माणूस सगळीच नीट बांधतो," फंडाच्या बाई पहिल्या बैठकीत म्हणाल्या. "बाहेरच्या देशांतही असंच चालतं."

"पैसा त्यांचा, पाठ आपली," मुकादम पुटपुटला. तो खरा गवंडी, पण सगळ्यांवर ओरडायचा म्हणून मुकादम.

कर्जाची फाइल वायरमनने बायकोच्या नावावर केली. बाईमाणसाच्या नावावर व्याज आणखी थोडं कमी बसायचं. ती तर हरखूनच गेली.

"म्हणजे घरमालकीण मी! आणि तुम्ही भाडेकरू. भाडं वेळेवर द्यायचं हं, नाहीतर सामान रस्त्यावर."

"आणि भिंतीला खिळा?"

"विचारून मारायचा."

तर काम सुरू झालं. वायरिंग साहजिकच याच्याकडे. पहिल्या घराच्या भिंतीत त्याने पाइपासाठी झिरी पाडली आणि बोर्ड बसवला कमरेच्या उंचीवर. दुसऱ्यातही तसाच. तिसऱ्या घरात मुकादमाने पकडलं.

"काय रे, डोकं फिरलं का? बटणं काय उंदरांसाठी बसवतोयस?"

"राहू दे ना."

"अरे पण सगळ्यांना वाकावं लागेल!"

"कुठलं घर आम्हाला लागेल ते मला माहीत नाही," वायरमन म्हणाला. "म्हणून सगळ्याच घरांत."

मुकादमाने बोर्डावर बोटांनी टकटक केली. मग "पाठीचे व्यायाम होतील लोकांचे," असं म्हणून थुंकला आणि गेला. पुढे तो विषय त्याने काढला नाही. सोसायटीत चेष्टा मात्र सुरू झाली. शिंपीणकाकू कुठल्याही घरात शिरल्या की बटणापुढे कमरेत वाकून मुजरा करायच्या. "घरमालकीणबाईंना नमस्कार सांगा हो!" बायकोला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की ठसका लागला.

नवव्या घराच्या सुमारास वायरमनच्या लक्षात आलं, आपली हत्यारांची ढकलगाडी कुठेच अडत नाहीये. त्याने खाली पाहिलं. एकाही दाराला उंबरा नव्हता.

"सिमेंट वाचलं," मुकादम दुसरीकडे बघत म्हणाला.

एकोणीस घरं झाली. सोडतीला महिना राहिला. आणि बायकोच्या छातीत पाणी झालं. चार दिवस दवाखाना, पाचव्या दिवशी संपलं सगळं. इतकं पटकन, की तिच्यासाठी घेतलेलं औषध पिशवीतून बाहेर काढायचंही राहिलं.

सहाव्या दिवशी वायरमन कामावर आला. विसावं घर. झिरी पाडायला लागला, कमरेएवढ्या उंचीवर.

दुपारी शिंपीणकाकूंनी त्याला बाजूला घेतलं. मुकादमही आला.

"दादा, कडू बोलते, पण ऐकून घ्या," काकू म्हणाल्या. "फाइल तिच्या नावावर. सोडतीच्या आधी माणूस गेलं तर फाइल बंद. आणि एकट्या माणसाला दोन खोल्यांचं घर मिळत नाही. फंडाचा नियमच आहे तसा."

"माहीत आहे."

"तीन आठवडे फक्त. आम्ही तेवीस जण गप्प बसतो. मेल्यावर तरी बिचारीचं नाव दारावर लागू दे."

"तू काही बोलायचंच नाही," मुकादम म्हणाला. "मान खाली घालून वायर ओढ. बाकी आम्ही बघतो."

वायरमन आत जाऊन पुन्हा झिरी पाडायला लागला. घर तर त्यालाही हवं होतं. सोळा महिने राबला होता. आणि त्या भाड्याच्या खोलीत परत जायला नको म्हणून तो अंधार पडेपर्यंत कामावरच रेंगाळायचा.

पुढच्या आठवड्यात फंडाच्या बाई पाहणीला आल्या. हातात यादी, प्रत्येक कुटुंबाच्या सह्या घ्यायच्या होत्या. ऊन होतं म्हणून सगळे तेविसाव्या घरात जमले. वायरमन आतल्या खोलीत शिडीवर.

"घरमालकीणबाई दिसत नाहीत?" बाईंनी विचारलं. हे नाव त्यांच्याही कानावर गेलं होतं.

"बरं नाहीये जरा," काकू पटकन म्हणाल्या. "घरी झोपलीय."

"कालच मी जाऊन आलो," मुकादमाने पुस्ती जोडली. "मला म्हणाली, माझ्या घराचं प्लास्टर नीट कर हो मुकादम. जीभ तिखटच अजून!"

सगळे हसले. बाईही हसल्या.

आणि शिडीवर वायरमनचे हात थांबले. घरी झोपलीय. त्याला वाटलं, असेलच. उठून बसली असेल, खुर्चीचं डावं चाक कुरकुरलं असेल, त्यात तेल घालायचं राहिलंय. संध्याकाळी जाताना तेल न्यायला हवं. क्षणभर त्याने खरंच ठरवलं, कुठल्या दुकानातून घ्यायचं ते. आणि मग ती पुन्हा गेली. पहिल्या वेळेपेक्षा जास्त गेली.

तो शिडीवरून उतरला. बाहेरच्या खोलीत येऊन उभा राहिला.

"बाई, ती नाहीये," तो म्हणाला. "दहा दिवस झाले."

"अरे गाढवा," मुकादम कळवळून म्हणाला.

"राग धरू नका. पण तुम्ही म्हणता ना झोपलीय, की मला खरं वाटतं. मग मला रोज रोज..."

बाईंनी यादी मिटली. वाईट बाई नव्हती ती. "मी ऐकलंच नाही असं म्हटलं असतं," त्या हळू म्हणाल्या, "पण चोवीस कर्जं एकमेकांना बांधलेली आहेत. उद्या एक फाइल खोटी निघाली तर सगळ्यांचीच घरं अडकतील. एकट्यांची यादी वेगळी असते. त्यात तुमचं नाव घालते. पाच-सहा वर्षं लागतील."

"घाला," तो म्हणाला.

चोविसावं घर तेवढं राहिलं होतं. मुकादम झिरीसाठी खडूची रेघ मारायला आला. त्याने खडू वर धरला, छातीच्या उंचीवर, मग वायरमनकडे पाहिलं.

"आता कशाला खाली?" तो शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला.

"तेवीस झाली तशीच," वायरमन म्हणाला. "एकच कशाला वेगळं."

मुकादमाने हात खाली आणला आणि कमरेएवढ्या उंचीवर रेघ मारली. त्याच्या नेहमीच्या मानाने बरीच वाकडी आली.

सोडतीच्या दिवशी वायरमन गेला नाही. संध्याकाळी शिंपीणकाकू निरोप द्यायला आल्या, त्यांना अकरावं लागलं होतं. खोलीत दिवा लागलेला नव्हता. दार उघडंच. वायरमन चाकांच्या खुर्चीत बसला होता, हातात उलटी छत्री. मूठ बटणापाशी न्यायचा, ती घसरायची. पुन्हा न्यायचा.

"दादा, मी लावू का?" काकू दारातूनच म्हणाल्या.

"नको," तो म्हणाला. "ती कशी लावायची तेच बघतोय. जमत नाही हो लवकर."

काकू तशाच उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, तो खटका पडेपर्यंत.